ऐकणाऱ्या बाईचा नवरा

माझ्या बायकोचं काम ऐकण्याचं. ती आधी मानसशास्त्राची प्राध्यापक होती, मग समुपदेशकही झाली, आणि पुढे मोर्च्यांत पहिल्या रांगेत दिसणारी, व्याख्यानं देणारी, वर्तमानपत्रांतून डॉक्टरांशी भांडणारी बाई झाली. तिच्याबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे. त्या लिखाणात मी एका ओळीत येतो : 'पतीची खंबीर साथ लाभली.' ती साथ देताना पतीच्या पोटात काय होत होतं, हे त्या लिहिणाऱ्यांपैकी कुणी विचारलं नाही. पोटात जळत होतं. असं उघड लिहायची आमच्या पुण्यात पद्धत नाही, पण झालं ते असं.

मी हडपसरच्या एका कारखान्यात इंजिनिअर. आमचं लग्न ठरवून झालं. मुलगी पाहायला गेलो तेव्हा काहीतरी चतुर बोलावं म्हणून मी विचारलं, "मानसशास्त्र शिकलात म्हणजे समोरच्याच्या मनातलं तुम्हाला कळत असेल?"

"नाही," ती म्हणाली. "पण हा प्रश्न तुम्ही घरून तयार करून आणलाय, एवढं कळलं."

मला ती तिथेच आवडली. लग्नानंतर महिनाभरात ती माझ्या आईसमोर मला 'अरे' म्हणाली. आईने पोळीचा घास मोडता मोडता ऐकवलं, "आमच्याकडे दूधवाल्यालासुद्धा अहो म्हणतात."

"मीही म्हणते," बायको शांतपणे म्हणाली. "त्याच्याशी माझी एवढी ओळख नाही."

आईने अबोला धरला. मी मात्र त्या उत्तरावर कितीतरी दिवस खूश होतो. दूधवाल्याशी नाही एवढी ओळख माझ्याशी आहे, हे तेव्हा पुरेसं वाटत होतं.

कर्वेनगरला फ्लॅट घेतला तो तिचं कॉलेज जवळ म्हणून. मला हडपसर लांब पडायचं, शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला कंपनीच्या बसने जायचो. पण ती वर्षं चांगली होती. संध्याकाळी आम्ही गॅलरीत चहा घ्यायचो. मी कारखान्यातल्या शॉपवरच्या भानगडी सांगायचो, ती हसायची, मधेच एखादा प्रश्न विचारायची. तिचे प्रश्न फार नेमके असत. आमचा फोरमन माझ्याशी उद्धटपणे का वागतो हे मला तिच्या एका प्रश्नामुळे कळलं होतं, आणि दुसऱ्या दिवसापासून तो सरळ झाला होता.

मग ती मुलगी आली. तिच्या वर्गातली, होस्टेलवर राहणारी. मुलीचं लग्न ठरलं होतं आणि तिने जेवण टाकलं होतं. वॉर्डनबाई म्हणाल्या, लग्नाची धास्ती. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. बायको तिच्याशी रोज बोलत राहिली तेव्हा हळूहळू बाहेर आलं की स्थळ ज्या काकांनी आणलं होतं, त्यांच्याच घरी ती लहानपणी सुट्टीला जायची. तिथे जे घडायचं ते तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बायको तिच्या गावी जाऊन आईवडिलांना भेटली. त्यांनी तिला प्यायला पाणीही विचारलं नाही. परत आली ती चपला न काढताच सोफ्यावर बसली.

"गोळ्या पोरीला," ती म्हणाली, "आणि काका मोकळा. आम्ही वर्गात शिकवतो की मन माणसाच्या आत असतं. अरे, बाईचं मन तिच्या घरात असतं. घरात काय चाललंय ते न विचारता गोळी देतात कशी?"

हे तिने मला सांगितलं, कारण तेव्हा तिचे नियम अजून ठरायचे होते. त्या मुलीचं लग्न मोडलं, तिने पदवी पुरी केली. आणि बायकोने आमच्याच सोसायटीतलं एक रिकामं गॅरेज भाड्याने घेऊन तिथे केंद्र सुरू केलं. कॉलेज सुटल्यावर चार ते सात. दोन खुर्च्या, एक सतरंजी, पाण्याचं पिंप. पहिला नियम असा की इथे बोललेलं बाहेर जाणार नाही. नवऱ्याच्या कानावरसुद्धा नाही.

सोसायटीने त्या जागेचं नाव 'घरं फोडायचं दुकान' असं ठेवलं. सेक्रेटरींनी जिन्यात पाटी लावली : 'केंद्रात येणाऱ्या भगिनींनी जिन्यात रडू नये.' बायकोने पाटी काढायला लावली नाही. पाटीखाली एक बाक ठेवला.

मला वाटलं, नवा उत्साह आहे, ओसरेल. ओसरला नाही. गॅलरीतला चहा बंद झाला, कारण चहाच्या वेळी ती गॅरेजमध्ये असे. सात वाजता वर येई तेव्हा चेहरा पिळून वाळत घातलेल्या कपड्यासारखा. मी काही सांगायला लागलो की "हं" म्हणायची. ते 'हं' मी ओळखायला शिकलो होतो. आधीचं 'हं' पुढे बोल म्हणायचं, हे आता आटप म्हणत होतं.

एकदा माझं प्रमोशन हुकलं. माझ्याच हाताखाली शिकलेल्या माणसाला विभागप्रमुख केलं. घरी आलो तेव्हा ती मटार सोलत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. 

"हं," ती म्हणाली. "वाईट झालं रे. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या?"

त्याच आठवड्यात मी घराची किल्ली विसरलो आणि तिच्याकडची घ्यायला केंद्रावर गेलो. गॅरेजच्या शटरशेजारी एक छोटी खिडकी होती. आत एक बाई बोलत होती, मला तिची पाठ दिसत होती. समोर माझी बायको. पुढे झुकून बसलेली, दोन्ही हात मांडीवर, मान किंचित कलती, नजर त्या बाईच्या चेहऱ्यावरून जराही हलत नव्हती. बाईला हुंदका आला तेव्हा बायकोचे फक्त ओठ हलले, तो हुंदका तिलाही आवंढ्यासारखा गिळावा लागला असावा तसे. मी बराच वेळ उभा होतो. तेवढ्या वेळात तिने एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही.

परपुरुषाबरोबर पाहिलं असतं तर काय करायचं ते निदान जगाने ठरवून ठेवलेलं आहे. इथे काय करणार? त्या बाईच्या मानेवर भाजल्याचे डाग होते. तिचा हेवा करायची लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. माझ्या मनात एवढंच आलं, की हिचं प्रमोशन हुकलेलं नाही आणि तरी हिला हे सगळं मिळतंय. मी किल्ली न मागता परत फिरलो आणि ती येईपर्यंत जिन्यातल्या बाकावर बसून राहिलो.

नव्वद सालानंतर सगळ्यांचंच बदललं. आमच्या कारखान्यात परदेशी भागीदार आला, त्याच्या मागून संगणक आले, आणि आमचे ड्रॉइंग बोर्ड गोदामात गेले. मग स्वेच्छानिवृत्तीची योजना निघाली. स्वेच्छा कुणाची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी पन्नाशीच्या जरा अलीकडे होतो. सही केली आणि घरी बसलो.

तिचं मात्र त्याच सुमाराला खरं सुरू झालं. केंद्रात येणाऱ्या बायकांच्या बोलण्यातून तिच्या लक्षात आलं होतं की घटस्फोट हवा असलेले काही नवरे बायको वेडी असल्याचा डॉक्टरी दाखला सहज मिळवतात. तिने त्यावर लिहिलं, डॉक्टरेट केली, वकील बायकांना गाठलं, दवाखान्यांच्या पायऱ्यांवर धरणं धरलं. तिला नागपूरहून, दिल्लीहून बोलावणी यायला लागली. टीव्हीवर चर्चा असली की सोसायटीतले लोक मला लिफ्टमध्ये सांगायचे, "काल वहिनी काय बोलल्या हो!" ज्यांनी दुकान म्हणून नाव ठेवलं होतं तेच लोक.

घरचा फोनही तिचाच झाला. दिवसभर घरात मी, आणि फोन तिला. मी 'हॅलो' म्हटलं की पलीकडे शांतता, आणि मग फोन खाली. पुरुषाचा आवाज आला की बायका घाबरत.

"तो शॉपवरचा आवाज काढू नकोस," ती मला म्हणाली. "मऊ बोल."

मी घरात एकटा असताना फ्रीजसमोर उभा राहून मऊ बोलायचा सराव केला. "बोला ताई. मॅडम चारनंतर भेटतील." जमायला लागलं. एकदा एका बाईने विचारलं, "तुमच्याशी बोललं तरी चालेल का?" मी इतका हरखलो की खुर्ची ओढून बसलोच. "हो हो, बोला ना," म्हटलं. तिला केंद्रावर यायला कुठली बस पडेल ते हवं होतं.

हे सगळं मी निभावून नेलं. सगळ्यांत कठीण गेला तो हडपसरचा दिवस. आमचा कारखाना पुढे बंदच पडला आणि त्या जागेवर एका सॉफ्टवेअर कंपनीची काचेची इमारत उभी राहिली. तिथल्या एचआरवाल्यांनी बायकोला व्याख्यानाला बोलावलं. विषय त्यांनीच दिला होता, 'ताणतणावावर मात'. तोवर आमच्याकडे छोटी गाडी आली होती. चालवायचो मी, तिला शिकायला वेळ नव्हता.

गेट जुन्याच जागी होतं. गार्डने तिला गळ्यात अडकवायचं कार्ड दिलं, अदबीने नमस्कार केला, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "ड्रायव्हर लोग का पार्किंग उधर है."

"ड्रायव्हर नाहीत, मिस्टर आहेत माझे," बायको म्हणाली.

गार्डने हातातला कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. मिस्टर त्यात नव्हते. "मी थांबतो बाहेर," मी म्हटलं. ती "अरे, पण..." म्हणतेय तोवर आतून एक मुलगी धावत आली, "मॅम, वी आर सो एक्सायटेड!" आणि तिला घेऊन गेली.

ज्या गेटातून मी उमेदीची सगळी वर्षं आत गेलो, त्याच्या बाहेर गाडीत बसून मी वडापाव खाल्ला. आत काय झालं ते मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. तिने श्वास आत घ्या, बाहेर सोडा वगैरे काही सांगितलंच नाही. तिने विचारलं, इथून घरी गेल्यावर स्वयंपाक कोण करतं? मुलं हसली. मुलींनी हात वर केले. मग एकेक मुलगी उठून बोलायला लागली आणि कार्यक्रम संपता संपेना. एचआरवाल्यांनी तिला परत कधी बोलावलं नाही, पण त्या मुली मात्र शनिवारी स्कूटीवरून कर्वेनगरला यायला लागल्या.

ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा फुलला होता. "काय पोरी आहेत रे! एकीने तर..." आणि थांबली. नियम आठवला असावा.

"एकीने काय?"

"काही नाही. चल."

मी गाडी सुरू केली. "तुझा हॉल होता ना," मी म्हटलं, "तिथेच बहुतेक माझं खातं होतं."

"हं," ती म्हणाली.

पुढे एकदा मात्र एक माणूस माझ्याकडे आला. तिच्याकडे नाही, माझ्याकडे. तो माझ्याच खात्यात लेथ यंत्रावर कामगार होता. राहणारा हडपसरपलीकडच्या मांजरी गावचा. मांजरी म्हणजे तेव्हा ऊस, आणि उसाच्या मधून वर आलेले इमारतींचे सांगाडे. त्याची बायको आपल्या बापाची एकुलती एक, त्यामुळे कालव्याकाठची जमीन आणि घर तिच्या नावावर होतं आणि हा सासऱ्याच्याच घरी राहत होता. कारखाना सुटल्यावर त्याला धड काम मिळालं नव्हतं. आजूबाजूच्यांनी जमिनी बिल्डरला दिल्या, बंगले बांधले. हिने विकायला नकार दिला होता.

तो सकाळी आला तेव्हा बायको कॉलेजात होती.

"साहेब, तुमच्याकडंच आलोय," तो दारातच म्हणाला. "मॅडमना जरा तुमी सांगा. त्यांच्या बाया माझ्या घरापातूर आल्या. घरातला मामला हाय, भाईरच्यांचं काय काम?"

मग कळलं ते असं. त्याने बायकोला एका खाजगी मनोरुग्णालयात ठेवलं होतं. त्याची कॉलेजात जाणारी मुलगी घाबरून आमच्या केंद्रावर आली होती, आणि माझी बायको त्या प्रकरणात उतरली होती. नियमाप्रमाणे मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

मी त्याला बसवलं, चहा केला. आणि मग मुद्दाम पुढे झुकून बसलो. दोन्ही हात मांडीवर ठेवले, मान किंचित कलती केली. खिडकीतून पाहिलेलं सगळं तसंच्या तसं केलं. आणि ते चाललं हो! माणूस बोलत सुटला. नोकरी गेल्यापासून चहाच्या टपरीवर लोक कसे बोलतात, शेजाऱ्याची नवी गाडी दारावरून कशी मुद्दाम हळू जाते, बायको पहाटे उठून विहिरीवर जाते आणि मेलेल्या बापाशी बोलते.

"येडी झाली हाय, साहेब."

मी फक्त "हं" म्हटलं. पुढे बोल म्हणणारं.

तो कपातल्या चहाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तशी येडी न्हाई वो. जमिनीच्या कागदावर सही करंना. जमिनीचा एजंट म्हनला, ती येडी असल्याचा डॉक्टरचा कागद हाती आला की कोर्टातनं तिच्या जागी माझी सही चालवून घेता येतीय." आणि तो रडायला लागला. "बघाया गेल्तो तिला. गोळ्यांनी डोळं उघडंना तिचं. तशात मला इचारती, जेवलात का?"

तो गेल्यावर मी कप विसळले. वाईट वाटत होतं, आणि छातीत काहीतरी भरूनही आलं होतं. एक आख्खा माणूस त्याचं सगळं माझ्यापुढे ठेवून गेला होता. तिला रोज काय मिळतं ते मला पहिल्यांदा समजलं, आणि हेवा कमी व्हायच्या ऐवजी वाढलाच. इतकी वर्षं ही एकटी हे जेवत होती आणि मला नुसता वास यायचा.

संध्याकाळी तिला वॉचमनकडून कळलं. वर आली ती थेट माझ्यासमोर. "तो आला होता? काय म्हणाला?"

"ते गोपनीय आहे," मी म्हटलं.

"काय?"

"इथे बोललेलं बाहेर जाणार नाही. बायकोच्या कानावरसुद्धा नाही."

ती आधी हसली. मग हसू गेलं. "ती बाई तिथे गुंगीत पडलीय. मी आज जाऊन आले, आम्हाला भेटू दिलं नाही. आणि तो काही तुझ्याकडे मन मोकळं करायला आला नव्हता. तुझ्याकडून माझ्यावर दाब आणायला आला होता."

"आला असेल दाब आणायला. बसला तो मन मोकळं करायला."

"तू ऐकून घेतलंस त्याचं?"

"दुपारपर्यंत."

 तिने खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसली आणि पुढे झुकली. "सांग," म्हणाली.

मी सांगितलं. सही, एजंट, कोर्ट, विहीर, 'जेवलात का'. ती माझ्या चेहऱ्यावरून नजर न हलवता ऐकत होती. एका बाईच्या दुर्दैवामुळे हे माझ्या वाट्याला आलंय, हे मला कळत होतं. तरी मी जमेल तितकं सावकाश सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती, एक वकीलबाई, त्या बाईची मुलगी आणि केंद्रातल्या बऱ्याच जणी दवाखान्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या. डॉक्टर म्हणाले, ज्यांनी दाखल केलं त्या नातेवाइकांना आणा. मला मांजरीला पाठवलं.

तो अंगणात बसला होता. मला बघून उठला नाही. "साहेब, मी इश्वासानं बोललो तुमच्यापाशी. तुमी मॅडमना सांगितलंत."

"सांगितलं."

"म्हंजी तुमी बी त्यांच्यातलंच."

 ऐकून घेणं सोपं होतं, ऐकलेलं बाळगणं किती जड असतं ते तिथे त्या अंगणात कळलं. मी एवढंच म्हटलं, "तुझी बायको त्या अवस्थेत तुला जेवलास का विचारते. चल, तिला घेऊन येऊ." तो उठला आणि शर्ट बदलून गाडीत येऊन बसला.  नवरा स्वतः समोर उभा, वकीलबाई शेजारी आणि पायऱ्या बायकांनी भरलेल्या, असं पाहिल्यावर डॉक्टरांनी बाईंना घरी पाठवण्यात वेळ घालवला नाही.

घरी म्हणजे आमच्या घरी. गोळ्यांमुळे तिला नीट उभं राहता येत नव्हतं, म्हणून काही दिवस ती आमच्याकडे राहिली. आणि मग रोज सकाळी गॅलरीत चहा सुरू झाला. आमच्या गॅलरीत दोनच खुर्च्या मावतात. एकीवर माझी बायको, दुसरीवर ती. चहा मी करून न्यायचो. बायको तिच्या बोलण्यावर खळखळून हसायची. ते हसणं मी वर्षानुवर्षांत ऐकलं नव्हतं. मी कप ठेवून आत येऊन ओट्यापाशी उभ्याने माझा चहा प्यायचो.

एका सकाळी बायको आंघोळीला गेली होती. ती बाई मला म्हणाली, "दादा, तुमी बसा की हितं. मी उठते."

"नको नको, बसा तुम्ही," मी माझ्या मऊ आवाजात म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. "मॅडम दिवसभर दुसऱ्यांच्या. तुमचं कसं वो भागतं?"

"भागतं," मी म्हटलं आणि कप उचलले.

ती मांजरीला परत गेली. माझ्या बायकोला वाटत होतं तिने नवऱ्यापासून वेगळं व्हावं, मुलीलाही तेच वाटत होतं. ती म्हणाली, "जमीन माझी, घर माझं, मी कशाला जाऊ? त्याला जायचं तर जाऊ द्या." तो गेला नाही. एका छपराखाली दोन चुली झाल्या. काही वर्षांनी तिने आपल्या मनाने अर्धी जमीन विकली, स्वतः बिल्डरसमोर बसून, नवऱ्याला आणि एजंटला ओसरीवर बसवून. उरलेल्या अर्ध्यात अजून ऊस आहे.

"त्याला हाकलायला हवं होतं तिने," बायको म्हणाली.

"निर्णय बाईचा असतो, असं तूच म्हणतेस."

"म्हणते. प्रत्येक वेळी आवडतो असं कुठे म्हटलं?"

तो माणूस हडपसरच्या मंडईत दिसला की अजून तोंड फिरवतो. त्याची चूक आहे असं मी म्हणणार नाही. त्यानंतर माझ्याकडे कुणी बोलायला आलं नाही.

अलीकडची गोष्ट सांगून थांबतो. हडपसर-मांजरीकडे वस्ती बेसुमार वाढली तसं केंद्र तिकडे हललं. बायको कॉलेजातून निवृत्त झाली, केंद्राचं काम तिच्याच एका विद्यार्थिनीने हाती घेतलं. हुशार मुलगी. रात्रपाळी करणाऱ्या पोरींशी मोबाइलवर बोलते, त्यांच्या भाषेत बोलते. बायको फक्त शुक्रवारी जायची. मी सोडायचो, मी आणायचो.

एका शुक्रवारी परत येताना उड्डाणपुलाच्या अलीकडे आम्ही अडकलो. पुढे बस, मागे टेम्पो. 

"ती माझ्यापेक्षा चांगली ऐकते," बायको अचानक म्हणाली.

"कोण?"

"कोण ते तुला माहीत आहे." ती काचेतून बाहेर बघत होती. "दोन वर्षं माझ्याकडे येणारी बाई आज मला म्हणाली, त्या मॅडम रिकाम्या असतील तर त्यांच्याशी बोलू का? आणि उठून तिच्या खोलीत गेली. मीच शिकवलंय रे त्या मुलीला. मी तिथे बसून दाराकडे बघत होते. आतून हसण्याचा आवाज आला. मला इतका जळफळाट झाला! या वयात. मी यावर तासभर व्याख्यान देऊ शकते."

"मग काय करायचं असतं अशा वेळी?"

"माहीत नाही. दुसऱ्यांना सांगायचं माहीत आहे."

"मला विचार," मी म्हटलं. "या विषयात माझा अनुभव तुझ्यापेक्षा दांडगा आहे."

ती माझ्याकडे वळली. मला वाटलं, विचारेल, कुणाचा हेवा, कधीपासून. पण ती म्हणाली, "मला माहीत होतं."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तू माझा नवरा. तुला समोर बसवून तुझ्यावर काम करू?"

"काम करायला कुणी सांगितलं होतं?" मी म्हटलं. माझा शॉपवरचा आवाज निघाला. "नुसता चहा प्यायला बसायचं होतं."

मागच्या टेम्पोने हॉर्न दिला. पुढची बस सरकली होती. मी गाडी काढली. थोडं अंतर गेल्यावर तिने माझ्या गिअरवरच्या हातावर हात ठेवला आणि लगेच उचलला, कारण मला गिअर बदलायचा होता. मग ती बोलायला लागली. ती मुलगी पहिल्या वर्षाला कशी बुजरी होती, तिला कसं गप्प बसायला शिकवलं, कधी वाटलं होतं की ही आपल्या पुढे जाणार. मी मधे एकदा म्हटलं, "शुक्रवारऐवजी मंगळवारी जाऊन बघ."

"सल्ला नको देऊस. ऐक."

मी ऐकलं. ती त्या मुलीबद्दल बोलत होती, माझ्याबद्दल एक शब्दही नव्हता, हे माझ्या लक्षात आलं आणि पोटात पुन्हा जळलं. तरी मी ऐकलं. कर्वेनगर आलं, गाडी पार्किंगमध्ये लावली, इंजिन बंद केलं, तरी तिचं संपलं नव्हतं. आम्ही तसेच बसून राहिलो. शेवटी वॉचमन जवळ आला आणि वाकून बघायला लागला. मी काच खाली केली.

"साहेब, काही झालं का? मॅडमना बरं नाही का?"

"बरं आहे," मी म्हटलं. "बोलताहेत."